हँडल काढलं आणि साथ ओसरली

तार्किक क्षमतेच्या चाचण्यांची तयारी मी बरीच वर्षं करून घेतो. ‘खालीलपैकी कोणतं विधान खरं मानल्यास युक्तिवाद सर्वांत जास्त कमकुवत होतो?’ हा प्रश्न वर्गात रोजचाच. पण त्या दिवशी एकाच प्रश्नावर सबंध तास गेला, आणि तो जाण्यासारखाच होता.

उतारा मी लिहिला होता. १८५४ साल, लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची साथ. डॉ. जॉन स्नो यांना ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाच्या पाण्याचा संशय आला, ८ सप्टेंबरला पंपाचं हँडल काढलं आणि साथ ओसरली. निष्कर्ष : हँडल काढल्यामुळे साथ ओसरली. उत्तर ‘क’ : हँडल काढण्याच्या काही दिवस आधीच नव्या रुग्णांची संख्या झपाट्याने उतरू लागली होती आणि बरेच रहिवासी तो भाग सोडून गेले होते.

वर्गातल्या काहींनी ‘अ’ निवडला : त्या काळी बहुतेक डॉक्टर कॉलऱ्याचा दोष दूषित हवेला देत. तो लगेच बाद झाला. कोणाचं मत काय होतं याने काय घडलं ते बदलत नाही.

खरा वाद वेगळाच निघाला. नर्स म्हणून काम करणारी एक विद्यार्थिनी उठली. “सर, कॉलरा दूषित पाण्यातून पसरतो. हे खरं आहे. मग खऱ्या गोष्टीला कमकुवत करणारा पर्याय बरोबर कसा?”

असा प्रश्न विचारणारा माणूस मला आवडतो, कारण तो पर्यायांच्या खेळात अडकत नाही, जगाकडे बघतो. मी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. पाण्यातून कॉलरा पसरला. हँडल काढल्यामुळे साथ ओसरली. पहिल्याला आधार काय, ते सांगितलं. जवळच्याच वर्कहाउसची, म्हणजे निराधार गरिबांना ठेवून घेणाऱ्या आश्रयगृहाची, स्वतःची विहीर होती. तिथल्या ५३५ जणांपैकी फक्त ५ दगावले. शेजारच्या बिअरच्या कारखान्यातले कामगार पंपाकडे फिरकतच नसत, ते वाचले. उलट दूर हॅम्पस्टेडला राहणाऱ्या एका विधवा बाईंना त्या पंपाच्या पाण्याची चव आवडायची, त्या ते मुद्दाम मागवत; आसपास साथ नसताना त्या गेल्या. कारण नाही तिथे परिणाम नाही, कारण पोचलं तिथे परिणामही पोचला. यातल्या कशाला ‘क’ धक्का लावतो?

ती थोडा वेळ फळ्याकडे बघत राहिली. “नाही लावत. दोष पाण्याचाच राहतो. फक्त हँडलचं श्रेय कमी होतं.”

नेमकं तेच. आणि हे स्नो यांनी स्वतः १८५५ मध्ये लिहून ठेवलंय : पाणी बंद होण्याआधीच साथ इतकी उतरली होती, की तोवर विहिरीत विष शिल्लक होतं की नाही हे ठरवता येत नाही. आपल्याच बाजूच्या युक्तिवादातली फट इतक्या सरळपणे दाखवणारा माणूस मला फार मोठा वाटतो.

मागून एकाने विचारलं, “म्हणजे हँडल काढून काहीच उपयोग झाला नाही?”

कमकुवत करणं म्हणजे खोटं ठरवणं नव्हे, हे इथे सांगावंच लागतं. पुढे हेन्री व्हाइटहेड या पाद्रींनी शोधून काढलं, की विहिरीलगतच्या घरात एक तान्हं बाळ आजारी पडलं होतं आणि त्याचे कपडे धुतलेलं पाणी विहिरीजवळच्या मैलाखड्यात जात होतं. त्याच बाळाचे वडील आजारी पडले ते ८ सप्टेंबरला, हँडल निघालं त्याच दिवशी. म्हणजे त्या खड्ड्यातून विहिरीत पुन्हा विष झिरपू शकत होतं, पण आता तिथलं पाणी कोणी उपसू शकत नव्हतं.

मी निष्कर्ष पुसून नवा लिहिला : हँडल काढल्यामुळे दुसरी लाट टळली. आता ‘क’ने काही बिघडत नव्हतं. मग याला कमकुवत करणारं विधान कोणतं? वर्ग कामाला लागला. पहिलं उत्तर तिचंच आलं : “वडील आजारी पडले तोवर त्या घरातलं सांडपाणी दुसरीकडे टाकायला लागले होते.” मी ते नवा ‘क’ म्हणून लिहून घेतलं आणि उरलेले चार चुकीचे पर्याय वर्गाला घरून लिहून आणायला सांगितले.