आमची वाटचाल : पत्रिकेवरची दोन नावे

नारायण पेठेतील आमच्या दुकानात लग्नपत्रिकेवरची वधूवरांची नावे आजही बोरूच्या लेखणीने लिहिली जातात. संगणकावर चुटकीसरशी होणाऱ्या कामाला आम्ही आठवडा का मागतो, हे ग्राहकांपेक्षा व्यवसायबंधूच अधिक विचारतात, म्हणून सविस्तर लिहितो.

वर ‘अनिरुद्ध’ आणि खाली ‘मृण्मयी’ अशी नावे घ्या. ‘द्ध’ जेथे खाली उतरतो, नेमकी तेथेच ‘यी’ची वेलांटी वर चढते. फॉन्टमध्ये ओळींतले अंतर वाढवून सुटका करून घ्यावी लागते. हाताने लिहिताना तीच वेलांटी डावीकडे लांबवून ‘द्ध’च्या पोटाखालून नेता येते. दुसऱ्या जोडप्याच्या नावांना ही युक्ती चालत नाही, आणि आमच्या मजुरीचे कारण एवढेच आहे.

बोरू आम्ही घरीच तासतो. इंग्रजीची कट-निब, म्हणजे तिरकस छाटलेल्या टोकाची निब, देवनागरीला उलटी पडते, म्हणून टोक विरुद्ध तिरकसात छाटावे लागते. नवोदितांनी निबांचे महागडे संच घेण्याआधी वर्षभर बोरूच तासावा, आणि हातकागद घेताना पोताला न भुलता कोपऱ्यावर शाईचा थेंब टाकून पाहावा. तो फुटला तर कागद खुशाल परत करावा.

सुरुवातीची वर्षे बरी गेली. मग, ज्या गृहस्थांकडे आम्ही विश्वासाने स्क्रीन प्रिंटिंगला मूळ लेखन देत असू, त्यांनी आमच्याच नावांतील अक्षरे सुटी करून संगणकात भरली आणि शेजारच्या गल्लीत ‘हस्तलिखित पत्रिका’ अशी पाटी लावली, तीही निम्म्या दराची. त्या पत्रिकांत प्रत्येक ‘र’ एकाच साच्यातून काढल्यासारखा वळतो, पण ते पाहतो कोण? तुमचे अक्षर अगदी त्यांच्यासारखे आहे, असे आमच्याच दुकानात येऊन सांगणारेही निघाले.

त्यातून सावरतो न सावरतो तोच, २५ मार्च २०२० रोजी, ऐन गुढीपाडव्याला, टाळेबंदी सुरू झाली. अक्षय्य तृतीयेच्या लग्नांच्या पत्रिका गठ्ठ्यांनी पडून राहिल्या आणि त्यांचे पैसे मागण्याचे धाडस आम्हाला झाले नाही. पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये तर राज्यात लग्नाला २५ माणसे आणि दोन तास एवढीच मुभा उरली. दुकान विकण्याची भाषा घरात सुरू झाली.

अशा वेळी सातारच्या एका निवृत्त मुख्याध्यापिकांचा फोन आला. त्यांच्या मुलांच्या पत्रिका आम्हीच लिहिल्या होत्या; आता नातीचे लग्न होते. “छापायचेच नाही. पंचवीसही पत्रिका हाताने लिहा, प्रत्येकीवर पाहुण्याचे नाव घालून,” असे बाईंनी बजावले. दोन्ही घरांची नावे गुंफलेली मंगलाष्टकेही त्यांनी आमच्याकडूनच लिहून घेतली. ती पाहून त्यांच्या विहिणीच्या माहेरचे काम आले, तेथून पुढचे आले. आज आमच्या कामात अशा मोजक्या हस्तलिखित पत्रिकांचा आणि चौकटीत लावण्याच्या मंगलाष्टकांचा वाटा छपाईपेक्षा मोठा आहे.

मूळ लेखनाची स्कॅन प्रत आम्ही आता कोणालाही देत नाही, जवळच्या नातेवाइकांनाही नाही, आणि त्यावरून रुसवेफुगवे होतात. शेजारच्या गल्लीतली पाटी अजून आहे. दर मात्र त्यांनीही वाढवला आहे, असे ऐकतो.