तुम्ही विचारलंत म्हणून: पर्समधल्या चाकूविषयी

पार्सलची सुतळी कापायला मी पर्समधून घडीचा चाकू काढला की समोरची व्यक्ती हमखास विचारते, “मॅडम, तुम्ही चाकू बाळगता?” त्यामागोमाग, एकटीने ये-जा करताना भीती वाटते म्हणून का, हा दुसरा प्रश्नही येतो. भीतीपोटी मी तो कधीच बाळगला नाही, आणि कोणावर उगारण्यासाठी चाकू जवळ ठेवावा असा सल्ला मी कोणत्याही मुलीला देणार नाही. माझी ही सवय काटोलकडच्या एका संत्र्याच्या बागेतली आहे.

आम्ही नागपुरात महाल नावाच्या भागात राहत होतो आणि सुट्टी लागली की आबाजींच्या, म्हणजे आईच्या वडिलांच्या, बागेत जात होतो. आबाजींच्या बंडीच्या खिशात दोन चाकू असत. त्यांतला एक कलमांचा. त्याला पात्याखेरीज साल अलगद उचलण्यासाठी एक बोथट पट्टी होती आणि त्याने फळ तर सोडाच, पण दोरासुद्धा कापायचा नाही असा नियम होता. दुसरा रोजच्या कामाचा, लाकडी मुठीचा, अडीच इंच पात्याचा. पेरू कापणे, कैरीच्या फोडी करणे, पोत्याची शिवण उसवणे, तान्ह्या पोळ्याच्या आदल्या दिवशी लाकडी बैलाच्या झुलीचे धागे नीट करणे, ही सगळी कामे तो करी.

मी नऊ वर्षांची असताना हा दुसरा चाकू मागितला. आबाजींनी तो माझ्या हातात दिला, मी नखाने पाते उघडले, आणि ते म्हणाले, “उघडता येते तुले. मिटता येते का?” त्या चाकूला पाते अडवणारा खटका नव्हता, पाठीमागच्या स्प्रिंगच्या जोरावर ते अर्ध्या वाटेतून झपकन मिटे आणि मुठीच्या खाचेवर बोट राहिले असेल तर ते कापले जाई. माझ्या उजव्या तर्जनीवरची बारीक पांढरी रेघ त्याच आठवड्यातली आहे. तळहाताने पात्याच्या पाठीवर दाब देऊन, बोटे खाचेबाहेर ठेवून मिटण्याची रीत त्यांनी मला पुन्हा पुन्हा करायला लावली. दुसऱ्याला चाकू देताना मिटूनच द्यायचा आणि चालताना उघडायचा नाही, हेही तेव्हाच शिकले. पाते साध्या पोलादाचे असल्याने संत्र्याचा रस तसाच राहिला की काळे पडे, म्हणून कापून झाले की लगेच पुसायचे.

पुढे कितीतरी सुट्ट्या त्यांनी मला पेन्सिलींना टोक करायला बसवले. शाळेत आमच्या कंपासपेट्यांत अर्धे ब्लेड असे, त्यामुळे मला हे काम कमीपणाचे वाटे. त्याचा अर्थ मला फार उशिरा कळला. संत्र्याचा डोळा, म्हणजे काडीवरचा कोंब, ज्या जंभेरीच्या (एका जातीच्या लिंबाच्या) खुंटावर, म्हणजे रोपाच्या खोडावर, बांधतात तो खुंट साधारण पेन्सिलीएवढ्या जाडीचाच असतो. त्याच्या सालीला इंग्रजी टी अक्षरासारखा छेद द्यायचा, पण आतल्या लाकडाला इजा होऊ द्यायची नाही. चांगल्या झाडाच्या काडीवरून काढलेला डोळा त्या सालीखाली सरकवायचा आणि पट्टीने घट्ट बांधायचा. धार बोथट असेल तर साल फाटते, आणि फाटलेल्या सालीत डोळा धरत नाही.

आज माझ्याकडे आहे तो आबाजींचा चाकू नव्हे. मी नागपूरच्या इतवारी बाजारातून घेतलेला आहे, पण पाते अडीच इंचांचेच आहे. कायद्याबद्दलही विचारले जाते म्हणून सांगते: शस्त्र नियमांच्या यादीत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे सुरे येतात, आणि घरकाम वा शेतीसाठी बनवलेले त्यातून वगळले आहेत. तरीही पोलीस आयुक्तांचा मनाई आदेश असेल तेव्हा, मेट्रोने जायचे असेल तेव्हा किंवा शाळेच्या कार्यक्रमाला जाताना मी तो घरी ठेवते. विमानाने जाताना तो मोठ्या बॅगेत जातो. या नियमांबद्दल माझी काहीच तक्रार नाही; समोरच्या माणसाला माझ्या खिशातल्या वस्तूचा हेतू दिसत नसतो.

मी सोळा वर्षांची असताना, नाताळच्या सुट्टीत, आबाजींनी पहिल्यांदा कलमांचा चाकू माझ्या हाती दिला. त्यांची बोटे तेव्हा थरथरू लागली होती. मी दहा खुंटांवर डोळे बांधले. त्यांनी पाते पुसले, मिटले आणि परत आपल्या बंडीत ठेवले. संक्रांतीला आम्ही पुन्हा गेलो तेव्हा पट्ट्या सोडून पाहिले. सात डोळे हिरवे होते. आबाजींनी त्यांच्याकडे फक्त एकदा पाहिले, आणि काळ्या पडलेल्या तीन खुंटांजवळ बसून माझे काप कुठे खोल गेले होते ते मला दाखवले.