गॅस जमत नाही

चूक माझी होती की शब्दाची, हे अजून ठरत नाही, म्हणून लिहून काढतोय.

मी ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागात, एका गॅस एजन्सीत मेकॅनिक आहे. बावीस वर्षं झाली. निम्मं काम नाकानं होतं, निम्मं साबणाच्या फेसानं. वॉशर, पिन, पाइप, रेग्युलेटर, बस. पण डिसेंबर उजाडला की मुरारपासून कंपूपर्यंत एकच तक्रार: "भैया, गैस जम गई," म्हणजे गोठला.

त्या दिवशी पहाटे पाचला फोन आला. जानेवारीचा शेवट, पारा चारावर, कोहरा असा की गल्लीच्या तोंडचा दिवा दिसेना. जनकगंजकडच्या एका कार्यालयात मराठी घरची मुंज होती. आचारी बोलत होता: भट्टी फुरफुरतेय, टंकी (सिलिंडर) तर जड लागते. मी रजईतूनच म्हटलं, "जम गई होगी, आता हूँ." 'हात लावू नका' असंही म्हटलं होतं, असं मला आठवतं. आचारी म्हणतो, नाही म्हटलं.

स्कूटर सुरू व्हायलाच दहा मिनिटं गेली. पोचलो तर मागच्या अंगणात दोन विटांवर १९ किलोची टंकी उभी, आणि विटांमध्ये निखाऱ्यांचं घमेलं. पाइप जोडलेला. दोन हातांवर दुसऱ्या टंकीवर पुऱ्या तळणं चाललेलं, आणि तीन पोरं निखाऱ्यांशी हात शेकत बसलेली.

मी ओरडलो नाही. ओरडलं की माणसं जवळ येतात. दुसरी भट्टी बंद केली, पोरांना फाटकाबाहेर काढलं, टंकीचा व्हॉल्व्ह फिरवला, लांब झाऱ्यानं घमेलं ओढून घेतलं आणि टंकीवर बादलीमागून बादली पाणी ओतलं. मग हात थरथरायला लागले, ते यजमानांनी दिलेला चहा सांडेपर्यंत.

खालच्या कड्याचा रंग फोडांसारखा फुगला होता, पण तळ जेमतेम कोमट. आत द्रव होता म्हणून. पत्र्याला लागलेली आच द्रव ओढून घेत होता आणि तीच आच वापरून उकळत होता. हीच धग द्रवाच्या पातळीच्या वर, कोरड्या पत्र्याला लागली असती, तर पत्रा बघता बघता नरमला असता. आतला दाब तर चढतच असतो. पुढचं त्या अंगणात उभं राहून मला नीट मोजता आलं नाही.

यजमानांना मात्र वेगळीच काळजी. "अहो भाऊ, तुमच्या टंकीत निम्मं पाणीच भरतात ना?" पोरं थोडक्यात वाचली, यांना वजन पडलंय! मी स्प्रिंगकाटा लावला. कॉलरवर कोरलेलं रिकाम्या टंकीचं वजन वजा केलं, तर आत आठ किलो दोनशे ग्रॅम. सगळा गॅस. एक थेंब पाणी नाही.

आता हे लोकांना पटत कसं नाही, ते मला कळतं, कारण मलाही उशिरा पटलं. जिवाजी विद्यापीठातून बी.एस्सी. केलं तेव्हा 'गुप्त ऊष्मा' पाठ करून मार्क घेतले होते (पुण्याच्या भाच्याच्या पुस्तकात तिलाच 'अप्रकट उष्मा' म्हणतात). ती असते काय, ते टंकीनं शिकवलं. टंकीत गॅस नसतो, दाबाखाली ठेवलेलं द्रव असतं. नॉब उघडला की वरची वाफ निघते, दाब उतरतो आणि खालचं द्रव उकळू लागतं. एक लिटर द्रवाचा अडीचशे लिटरच्या आसपास गॅस होतो. पण उकळायला उष्णता लागते (हीच ती गुप्त ऊष्मा), एका किलोला साधारण ९० किलोकॅलरी. म्हणजे लिटरभर पाणी दहा अंशांपासून उकळीला आणायला लागते तेवढी. टंकीखाली चूल नसते, तेव्हा द्रव ती स्वतःतून, पत्र्यातून आणि भोवतालच्या हवेतून घेतं. घरचा बर्नर तासाला दीड-दोनशे ग्रॅम मागतो, तेवढी उष्णता हवा सहज पुरवते. लग्नाच्या भट्ट्या तासाला दोन-दोन किलो ओढतात. मग टंकी स्वतःच गार पडत जाते, आणि कोहऱ्यातलं पाणी तिच्यावर पांढरं होऊन बसतं. ते बाहेरचं पांढरं बघून लोक ठरवतात, की आतही बर्फ आहे.

आतलं काही गोठत नाही. त्यात मुख्यतः दोन वायू, प्रोपेन आणि ब्यूटेन. आधी गोठणारा ब्यूटेन, तोही उणे १३८ अंशांशिवाय नाही. तेवढी थंडी ग्वाल्हेरातच काय, पृथ्वीवर कुठेच पडत नाही. फक्त प्रोपेन उणे ४२ ला उकळतो आणि ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाला. वरचढ प्रोपेन आधी निघून जातो, मागे आळशी ब्यूटेन जास्त उरतो. टंकी शून्याखाली गेली की तो बाहेर यायचं नावच घेत नाही. म्हणून अर्ध्यानंतरची टंकी थंडीत जास्त रडते.

त्या पांढऱ्या थराचा मला तरी उपयोग होतो. जिथवर दव धरलंय तिथवर द्रव आहे, त्याच्या वर पत्रा कोरडा. काट्याशिवाय कळतं, किती उरलंय. आमचे डिलिव्हरीवाले मात्र टंकी हलवून, आडवी करून दाखवतात आणि गिऱ्हाईक खूश होतं. आडव्या टंकीतून वाफेऐवजी द्रवच नळीत आलं तर बर्नरवर भडका कसा उठतो, ते त्यांनी एकदा पाहिलं पाहिजे, लांबून.

आचाऱ्याला मी बरंच बोललो. चाळीस वर्षं भट्टीशी काढलेला माणूस, असा कसा वागला? तो शांतपणे म्हणाला, "आपने ही तो कहा, जम गई. घी जमे, खोपरे का तेल जमे, तो आँच दिखाते हैं. और क्या करते?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

मुंजीचा मुहूर्त साडेनवाचा. मी एजन्सीतून मॅनिफोल्ड मागवला, तीन टंक्या एकत्र जोडल्या. भट्टीची मागणी तिघींत वाटली गेली, प्रत्येकीला तिसरा हिस्सा. एकटी जी गारठून बसत होती, तिघी मिळून मजेत चालल्या. सगळ्या जमिनीवरून उचलून लाकडी फळीवर ठेवल्या, भोवती वारा खेळेल अशा. साबणाचा फेस लावून प्रत्येक जोड तपासला. निळी ज्योत सरळ उभी राहिली तेव्हा आचाऱ्यानं मान डोलावली. मी त्याच्या तळहातावर थोडं सॅनिटायझर ओतलं. "ठंडा लगा? ये भी उड़ रहा है, तेरे हाथ की गरमी लेकर. टंकी का भी यही है." त्यानं हात दोनदा उलटसुलट केला. म्हणाला, "तो जमी नहीं, थक गई." याहून चांगलं मला बावीस वर्षांत सांगता आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एजन्सीत गेलो. आमच्या तक्रारवहीत रकाने छापलेले असतात: 'लीकेज', 'कम वजन', 'गैस जमना'. मी म्हटलं, हा तिसरा रकाना खोडा, या शब्दानं काल पोरं जाता जाता राहिली. मॅनेजर म्हणाले, "पब्लिक जो बोलती है वही लिखते हैं," आणि मला नव्या पाइपांचं टार्गेट आठवून दिलं. माणूस वाईट नाही, पण पहाटे पाचचा फोन त्याला कधी येत नाही.

परवा मुरारहून फोन आला. बाई म्हणाल्या, "भैया, गैस जम गई." मी ठरवलंच होतं. म्हटलं, "जमी नहीं है, गैस जमती नहीं."

"अच्छा," त्या म्हणाल्या, "तो फिर कम भरी होगी," आणि फोन ठेवला. वहीत ती तक्रार 'कम वजन' खाली गेली.