पोळ्यानंतर ब्रेक उघडायचा

पोळा झाला, की एखाद्या रविवारी मी स्कुटीचा पुढचा ब्रेक उघडते. माझी शाळा घाटंजी तालुक्यात आणि शाळेआधीचा शेवटचा तुकडा पांदणीचा. आषाढ-श्रावणात तिथली काळी माती पाण्यासोबत थेट ब्रेकच्या ड्रममध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या गोल डब्यात शिरते, अन् उघाड पडली की आतच वाळून बसते. सर्व्हिसिंगमध्ये बाहेरचा नट आवळून देतात. आत कोणी पाहत नाही.

गाडीला दोन्हीकडे ड्रम ब्रेक आहेत. एप्रिल 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना कॉम्बी ब्रेक किंवा एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं. कॉम्बीत मागच्या ब्रेकचा डावा लिव्हर दाबला तरी पुढचं चाक धरतं. म्हणून ‘मी तर मागचाच ब्रेक वापरते’ म्हणणाऱ्या आमच्या शाळेतल्या बाईंनाही मी सांगते, ताई, पुढचा पाहूनच घ्या.

डबल स्टँडवर मागचं चाक उचललं जातं, पुढचं नाही. त्यामुळे गाडीखाली लाकडी ठोकळा लागतो. भाचा मागून गाडी धरून असतो. अ‍ॅक्सल, म्हणजे चाकाचा आस काढला की ब्रेकची प्लेट ड्रममधून सुटून हातात येते. आत काळी, मैद्यासारखी मऊ भुकटी असते. ती फुंकायची नाही. लायनरमध्ये, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्यांमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात गेलं तर बाहेर येत नाही. भाच्याला सवय आहे, फुंकर मारायला वाकला की मी ओरडतेच, “थांब न बाप्पा, ओलं फडकं आण आधी!”

लायनर काचेसारखे चकचकत असले, तर ब्रेक चिरकतो आणि नीट धरत नाही. पॉलिश पेपरनं हलक्या हातानं तेवढी चकाकी काढायची. झिजून पातळ झाले असतील तर घासत बसू नये, दोन्ही नवेच घालावे. खरं दुखणं असतं कॅमचं. लिव्हर दाबल्यावर लायनर फाकवणारा हा छोटा तुकडा मातीनं गंजतो, मग लिव्हर सोडला तरी ब्रेक चिकटून राहतो. त्याला पुसून बोटाच्या टोकावर येईल एवढंच ग्रीस. लायनरला ग्रीसचा डागही लागला तर ब्रेक गेला समजा.

बसवताना एकच गोष्ट जिवाची आहे: प्लेटची खाच शॉकअपच्या अडणीत बसलीच पाहिजे. नाही बसली तर ब्रेक दाबताच प्लेट चाकासोबत फिरते. मी बोट घालून चाचपते, मगच अ‍ॅक्सलचा नट आवळते.

शेवटी लिव्हरची ढील, म्हणजे ब्रेक धरायच्या आधी तो जेवढा सैल हलतो तेवढी. टोकाशी 10 ते 20 मिलिमीटर असावी. ब्रेकचा बाहेरचा नट अर्धा-अर्धा फेरा फिरवायचा, दर वेळी त्याचा खोलगट भाग दांडीतल्या पिनेवर बसू द्यायचा आणि चाक हातानं फिरवून घासल्याचा आवाज येतो का ते ऐकायचं. चाकाजवळच्या ह्या ब्रेकच्या दांडीवर बाण असतो. लिव्हर पूर्ण दाबल्यावर तो प्लेटवरच्या खुणेला भिडला, तर लायनर संपले. हे पाहायला काहीच उघडावं लागत नाही, म्हणून दर आठवड्याला पाहावं. नवे लायनर टाकले असतील तर सुरुवातीला अंगणात, मग गल्लीत हळू चालवून बघावं.

मागचं चाक मी उघडत नाही. त्याला आधी सायलेन्सर उतरवावा लागतो आणि चाकाचा नट फार घट्ट असतो. ते काम घाटंजीच्या मिस्त्रीदादांकडे, पण समोर उभं राहून लायनर हातात घेऊन पाहते.