जॅमिंगमध्ये अडलं ते तयार हातांपाशी

कच्चे-पक्के वादक एकत्र बसून, आधी काहीही न बसवता वाजवणार म्हटलं की सल्ला ठरलेला: नवख्यांना सांभाळून घ्या. आमच्यातल्या नवख्यांचा कोणाला त्रासच नव्हता, हे मला कोणाला पटवून देता येईना.

माणसं जमली, वाद्यं लागली. सूर पाचच ठेवले, सा रे ग प ध. भूप म्हणा की मेजर पेंटाटॉनिक, यांत अर्ध्या सुराचं अंतर कुठेच नाही, त्यामुळे कोणी काहीही वाजवलं तरी फारसं टोचत नाही.

अडायचं ते पुढे. थोडा वेळ सगळे बिचकत वाजवायचे आणि मग गिटारवाला सुटायचा. हात तयार, वाद नाही. पण जरा कुठे फट दिसली की हा तिथे हजर. ड्रमवाल्याला वाटायचं रंग चढतोय, तो जोर वाढवायचा. मग कीबोर्डवर मीही आवाज वाढवायचे, कारण मला माझंच ऐकू येईना. बासरीवाली नुकतीच शिकायला लागलेली. ती बासरी ओठाला लावायची, श्वास घ्यायची आणि परत मांडीवर ठेवायची. आणि शेवटी सगळे म्हणणार, 'वा, मजा आली!' कोणाला?

उपाय म्हणून पाळी लावली, प्रत्येकाला आठ आवर्तनं. त्याने आणखीच वाट लागली. गिटारच्या मागोमाग बासरी म्हणजे पहिल्या नंबरवाल्यानंतर लगेच तोंडी परीक्षेला उभं राहणं. तिने दोन सूर वाजवले आणि 'झालं माझं' म्हणाली. त्यावर कोणीतरी, 'अगं, मोकळेपणाने वाजव ना!' या वाक्यावर तर बंदीच घालायला हवी.

शेवटी वैतागून मी सगळं उलटं केलं. बंधनं घातली ती तयार हाताच्या लोकांवर. गिटारने फक्त सा-प धरायचा, लयीत, बदल नाही. ड्रमवाल्याने काठ्या ठेवून मऊ आवाजाचे ब्रश घ्यायचे. एका वेळी निम्म्यांनीच वाजवायचं. आणि माणसं कधी बदलायची ते बासरी ठरवणार: तिने वरचा सा लांबवला की आत-बाहेर.

गिटारवाला भडकला. 'मग मी येतो कशाला?' तोंड पाडून सा-प करत बसला. पण गंमत अशी की तेवढंच सरळ धरणं त्याला जमेना. लय पुढे पळायला लागली, आणि ती सावरायला त्याला इतरांचं ऐकावं लागलं. तेव्हा कुठे जागा झाली. बासरीने ग रे सा घेतलं, थांबली, पुन्हा तेच घेतलं. दुसऱ्या वेळी ड्रमवाल्याने नेमका त्या थांबण्यात ब्रश फिरवला. मला झालेला आनंद, खरं सांगते, थोडा सूडाचाही होता.

युक्ती काही माझी नाही. अमेरिकन संगीतकार टेरी रायली यांच्या 'इन सी' (१९६४) या रचनेत ५३ छोटे तुकडे आहेत. एकेक तुकडा हवा तितका वेळ घोळवा, पण इतरांपासून दोन-तीन तुकड्यांपेक्षा पुढे-मागे जाऊ नका, अशी सूचना आहे. म्हणजे थांबायचं ते पळणाऱ्याने. आणि एखादा तुकडा वाजवता येत नसेल तर तो सोडून पुढे जायची मुभा आहे.

हो, एक आधीच सांगायला हवं होतं. क्लॅरिनेट किंवा ट्रम्पेट असेल तर पट्टी नावाने सांगू नका. ही वाद्यं सहसा बी फ्लॅटची असतात. त्यांचा सी आपल्याला बी फ्लॅट ऐकू येतो. सरळ सूर वाजवून दाखवा. आणि अँप्लिफायर वादकाच्या पायाशी नको, कानाच्या उंचीला असू दे. पायाशी असला की त्याला स्वतःचं नीट ऐकू येत नाही आणि तो बटण पिळतच राहतो.

मध्यंतरी गिटारवाल्याने सा-प सोडायची परवानगी मागितली. म्हटलं, बासरीवालीला विचार.