जाताना उन्हाळी, येताना हिवाळी: आइसलँडचा प्रवास आणि बदलत गेलेली विमानं

ऑक्टोबरच्या अखेरीस आइसलँडला जायचं ठरवत असाल, तर तिकिटावरच्या वेळा कच्च्या आहेत असं समजूनच पुढचं नियोजन करा. विमान कंपन्यांची वर्षाला दोन वेळापत्रकं असतात. उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतं, हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. तिकिटं मात्र जवळजवळ अकरा महिने आधीपासून विकायला निघतात. त्यावेळी पडद्यावर दिसणारी वेळ बऱ्याचदा गेल्या मोसमाची पुढे ओढलेली असते. गर्दीच्या विमानतळांवरचे स्लॉट, म्हणजे उतरायच्या-उडायच्या नेमून दिलेल्या वेळा, नंतर ठरतात, कुठल्या मार्गावर कुठलं विमान लावायचं हे त्याहून नंतर, आणि कमी खपाच्या फेऱ्या अगदी शेवटी रद्द केल्या जातात.

आमचा प्रवास नेमका त्या रविवारच्या अल्याडपल्याड होता. त्यात आइसलँडची आणखी एक गंमत: तिथे घड्याळ वर्षभर तेच राहतं. बाकीचा बहुतेक युरोप त्या रविवारी पहाटे घड्याळ एक तास मागे घेतो, त्यामुळे मध्य युरोप आणि आइसलँड यांच्यातला दोन तासांचा फरक एका तासावर येतो. म्हणजे केफ्लाविक या आइसलँडच्या मुख्य विमानतळावरून त्याच वेळेला निघालेलं विमान मध्य युरोपातल्या घड्याळाप्रमाणे तासभर आधी उतरतं. पुढचं विमान गाठायचं गणित तेवढ्यानेही हलतं.

आम्ही तिघं होतो. मी, बायको आणि माझी ताई. आमची दोघांची तिकिटं विमान कंपनीच्या संकेतस्थळावरून काढलेली, ताईचं एका ऑनलाइन एजन्सीकडून, कारण तिथे ते थोडं स्वस्त होतं. विमानं तीच, युरोपातल्या एका मोठ्या विमानतळावर बदलायची. कंपनीचं आणि एजन्सीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण हे कुठेही होऊ शकतं.

पहिला बदल दहा मिनिटांचा होता. असले बदल येतच राहतात, त्यावर वेळ घालवू नये. दुसऱ्या मेलचा विषय होता ‘आपल्या प्रवासात किरकोळ बदल’. किरकोळ म्हणजे काय, तर पहिलं विमान चाळीस मिनिटं उशिरा आणि दुसरं पंचावन्न मिनिटं लवकर. दोन्ही बदल सुटे बघितले तर खरंच किरकोळ. पण मध्ये जे दोन तास दहा मिनिटं होते, त्यांची पस्तीस मिनिटं झाली होती. त्या पस्तीस मिनिटांत विमानातून उतरायचं, सुरक्षा तपासणी, शेंगेनमधल्या (एका व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातल्या) प्रवेशाची पासपोर्ट तपासणी आणि दुसऱ्या टोकाचं गेट. मेलमध्ये दोन्ही विमानांपुढे हिरवी खूण होती आणि खाली मोठं निळं बटण: ‘मान्य आहे’.

ते बटण दाबायची घाई करू नका. मेल कितीही साधा दिसो, कंपनी तुम्हाला विचारत असते की ठरलेलं बदललंय, चालेल का? ‘मान्य’ म्हटलं की फुकट बदल करून घ्यायचा तुमचा हक्क बहुतेक वेळा तिथेच संपतो. मात्र उत्तरच न देता बसणंही बरं नाही. काही कंपन्या गप्प राहणं म्हणजे होकार धरतात, काही जागा सोडून देतात, आणि तोवर सोयीची विमानं भरत जातात. दोनतीन दिवसांत नीट विचार करून उत्तर द्यावं.

प्रत्येक विमानतळाला विमान बदलण्यासाठी लागणारी किमान वेळ ठरलेली असते. फ्रँकफर्टला ती साधारण ४५ मिनिटं आहे, व्हिएन्नाला २५ मिनिटांतही विमान बदलता येतं. तुमच्या विमानतळाची, तुमच्या टर्मिनलांची ही वेळ शोधून ठेवा. बदलानंतरची मधली वेळ त्याखाली गेली, तर ते तिकीट कंपनीच्याच नियमात बसत नाही आणि फोनवर फार वाद घालावा लागत नाही. अडचण होते ती मधल्या वेळेने किमान पातळी जेमतेम ओलांडली तर. तेव्हा नियमाने सगळं ठीक असतं, धावायचं मात्र तुम्हाला असतं. पहिलं विमान नेहमी किती उशिरा उतरतं हे उड्डाणांचा माग ठेवणाऱ्या संकेतस्थळांवर दिसतं; आठवडाभराचा इतिहास बघून आपलं आपण ठरवावं. आणि हे सगळं एका तिकिटावरच्या प्रवासाबद्दल आहे. दोन सुटी तिकिटं काढून स्वतः जोडलेला प्रवास असेल, तर पहिल्या विमानाची वेळ बदलल्याने दुसरं चुकलं तरी दुसरी कंपनी हात वर करते.

फोन करण्याआधी आपला पर्याय आपण शोधून ठेवावा. माझ्या मते या सगळ्या प्रकारातलं हेच सर्वांत मोलाचं काम आहे. ‘काहीतरी करा’ म्हटलं की यंत्रणा जे पहिलं दाखवेल ते गळ्यात पडतं. त्याच दिवशीची, त्याच कंपनीची आणि तिच्या भागीदार कंपन्यांची विमानं संकेतस्थळावर शोधायची, जागा विकायला आहेत ना ते बघायचं, उड्डाण क्रमांक कागदावर लिहायचे आणि मग फोन फिरवायचा.

कंपनीच्या फोनवरच्या बाईंनी आधी रात्री उशिराचं विमान सुचवलं. मी म्हटलं, ‘त्याच्या आधी दुपारचं एक आहे, भागीदार कंपनीचं. क्रमांक सांगू का?’ त्यांनी क्रमांक घेतला, थोडा वेळ फक्त कीबोर्डचा आवाज. मग म्हणाल्या, ‘जागा दिसतायत, पण भाड्यात फरक येतोय.’ इथे बरेच जण माघार घेतात. मी शांतपणे एवढंच म्हटलं, ‘बदल मी मागितलेला नाही, कंपनीकडून झालाय. जुना सेगमेंट कुठल्या कोडमध्ये दिसतोय?’ ‘यूएन आहे,’ त्या म्हणाल्या, आणि मग स्वतःच, ‘हो, म्हणजे फरक लागणार नाही. मला वरून परवानगी घ्यावी लागेल, होल्ड कराल?’ पीएनआरमध्ये, म्हणजे आरक्षणात, प्रत्येक सेगमेंटपुढे (एकेका उड्डाणापुढे) एक कोड असतो: एचके म्हणजे जागा पक्की, टीके म्हणजे वेळ बदलून पक्की, यूएन म्हणजे ते विमान आता नाही. प्रवाशाला हे पाठ असायची काही गरज नाही, पण एखादा कोड उच्चारला की समोरचा माणूस पोपटपंची थांबवून खरोखर पडद्याकडे बघतो.

त्यांनी मध्येच लंडनमार्गे जायचा पर्यायही दिला होता. वेळ छान होती. पण नवा मार्ग स्वीकारण्याआधी व्हिसा बघावाच लागतो. लंडन शेंगेनमध्ये नाही, आणि पासपोर्टाप्रमाणे तिथे नुसतं विमान बदलायलाही वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागू शकतो. अमेरिकेत तर विमानतळाच्या आतल्या आत राहून पुढे जायची सोयच नाही. बहुतेकांना व्हिसा किंवा एस्टा (ठरावीक देशांच्या नागरिकांना व्हिसाऐवजी चालणारी ऑनलाइन परवानगी) हवाच. उलट, ज्यांच्याकडे शेंगेन व्हिसा नाही आणि जे युरोपातून फक्त पुढे जाणार आहेत, त्यांना एकाऐवजी दोन शेंगेन विमानतळांचा मार्ग मिळाला तर मधलं उड्डाण अंतर्गत ठरतं आणि व्हिसा लागतो. फोनवरची व्यक्ती हे सांगेलच असं नाही, तिच्या पडद्यावर फक्त जागा दिसत असतात.

आमचं काम त्या एका फोनमध्ये झालं. ताईचं नाही. तिला कंपनीने सांगितलं, तिकीट एजन्सीचं आहे, त्यांच्याशी बोला. एजन्सी म्हणाली, कंपनीने परवानगी दिल्याशिवाय आम्ही हात लावू शकत नाही. चेंडू असा इकडून तिकडे जात राहिला आणि मधल्या काळात ताई त्या रात्रीच्या विमानावर टाकली गेली. शेवटी उपयोगी पडलं ते असं: कंपनीला फोन करून, आमच्या पीएनआरचा संदर्भ देऊन, ‘या प्रवाशाला अमुक उड्डाणावर विनाशुल्क बदल मंजूर’ असा शेरा ताईच्या पीएनआरमध्ये टाकायला लावला. मग एजन्सीला फोन करून तो शेरा वाचायला सांगितला. शेरा समोर आल्यावर एजन्सीने अर्ध्या तासात तिकीट बदललं. एकत्र जाणारे लोक वेगवेगळ्या पीएनआरवर असतील, तर दोन्ही एकमेकांना जोडून घ्या. नाहीतर यंत्रणेला तुम्ही एकत्र आहात हे कळायला काही मार्ग नसतो. आणि अशा लांबच्या, आधी काढलेल्या प्रवासासाठी एजन्सीचं स्वस्त तिकीट मी तरी घेणार नाही.

जागा बदलली म्हणजे तिकीट बदललं असं नव्हे. पीएनआर हे सहा अक्षर-अंकांचं आरक्षण, आणि ई-तिकीट हा तेरा आकडी क्रमांक, ज्यातले पहिले तीन आकडे कंपनीचे. आरक्षणात नवं विमान दिसतं, पण तिकीट जुन्याच विमानावर राहिलेलं असतं, असं होतं, आणि ते थेट चेक-इनच्या खिडकीपाशी उघडकीस येतं. म्हणून फोन ठेवण्याआधी विचारायचं: ‘तिकीट रीइश्यू, म्हणजे नव्याने जारी, झालं का? नवी पावती पाठवाल का?’ पावती येईपर्यंत काम झालं असं मानू नका. भागीदार कंपनीचं विमान असेल तर तिचा वेगळा पीएनआरही मागून घ्या, आसनं त्याच्यावरच निवडता येतात.

परतीचा बदल मोठा होता. हिवाळी वेळापत्रकात आमच्या वाराची फेरीच गेली आणि आम्हाला परस्पर आदल्या दिवशीच्या विमानात बसवलं. आदला दिवस म्हणजे आमचा योकुल्सारलोनचा, हिमनगांच्या त्या सरोवराचा दिवस. त्यावर पाणी सोडायची तयारी नव्हती. इथे कायदा माहीत असल्याचा फायदा झाला. विमान प्रवाशांच्या हक्कांचा युरोपीय संघाचा २६१/२००४ हा नियम आइसलँडलाही लागू आहे, आणि तिथून निघणाऱ्या विमानाची कंपनी कुठलीही असो, तो चालतो. उड्डाण रद्द झालं तर पैसे परत की दुसरं विमान, हे प्रवाशाने निवडायचं. शिवाय उड्डाण तासाहून जास्त अलीकडे ओढलं तर ते रद्द झाल्यासारखंच, असं युरोपीय न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये म्हटलेलं आहे. मात्र २५० ते ६०० युरोंची जी भरपाई लोक ऐकून असतात, ती १४ दिवस किंवा त्याहून आधी कळवलं असेल तर मिळत नाही. आम्हाला काही महिने आधी कळवलेलं, म्हणजे भरपाईचा प्रश्नच नव्हता. आम्ही मूळ तारखेच्या दुसऱ्या दिवशीचं विमान मागितलं, ते मिळालं. जास्तीच्या रात्रीचा खर्च आमचा आम्ही केला.

अमेरिकेला जाणाऱ्या-येणाऱ्यांसाठी हिशेब वेगळा आहे. तिथल्या २०२४ च्या नियमाप्रमाणे आंतरराष्ट्रीय प्रवासात सहा तास आणि देशांतर्गत तीन तास किंवा जास्त फरक पडला, विमानतळ बदलला किंवा मधले थांबे वाढले, तर प्रवास नाकारून पैसे परत मागता येतात. क्रेडिट कार्डावर ते कामाच्या सात दिवसांत यायला हवेत. व्हाउचर घ्यायची सक्ती नाही.

आइसलँडपुरतं सांगायचं तर बाकीचं नियोजन या हलत्या वेळांना धरून करा. भाड्याची गाडी घेताना उड्डाण क्रमांक देतात; तो बदलला की लगेच कळवा, नाहीतर तुम्ही आला नाहीत असं समजून गाडी दुसऱ्याला जाते. हॉटेलं फुकट रद्द होणारीच घ्यावीत. पहिल्या दिवशी पैसे भरलेली कुठलीही सहल ठेवू नका, हिमनदीवरची चाल तर नाहीच. केफ्लाविकहून राजधानी रेक्याविक सुमारे पन्नास किलोमीटर, आणि योकुल्सारलोन रेक्याविकहून साधारण पावणेचारशे. ऑक्टोबरअखेर उजेड जेमतेम साडेआठ तासांचा असतो आणि वाऱ्यामुळे रस्ते बंद होतात, त्यामुळे तिकडून परतून लगेच पहाटेचं विमान पकडायचा बेत करू नये. शेवटची रात्र आम्ही विमानतळाजवळ काढली. युरोपकडे जाणारी बरीच विमानं सकाळी लवकर सुटतात.

निघायच्या आधीच्या महिन्यात दर आठवड्याला एकदा आरक्षण उघडून बघत होतो. मेल येईलच याचा भरवसा नाही, एजन्सीच्या तिकिटावर तर कंपनीकडे बऱ्याचदा तुमचा ईमेल पत्ताही नसतो. त्यातच कळलं की परतीच्या लांब टप्प्यावर विमान बदललंय आणि पैसे भरून घेतलेली पाय पसरायच्या जागेची आसनं नव्या नकाशात उरलेलीच नाहीत. त्याचे पैसे आपोआप आले नाहीत. आसनाची स्वतंत्र पावती असते, तिच्यावर तिकिटासारखाच तेरा आकडी क्रमांक असतो. परताव्याच्या अर्जात तोच टाकावा लागतो, प्रवासाच्या तिकिटाचा टाकला तर अर्ज परत येतो. ती पावती बऱ्याचदा तिकीट काढल्यावर आलेल्या पहिल्या मेलला जोडलेली असते, तेव्हा प्रवास संपला म्हणून तो मेल पुसू नका.