तुम्ही निघालात तरी चालेल

गुरुवार, रात्री

कोणी रागावून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. "ताई, आता चाइल्ड स्टडी आहे, तुम्ही निघालात तरी चालेल." एवढंच. तेही इतक्या मऊ आवाजात, की समोरची मेणबत्ती विझू नये म्हणून बोलत असावी. मी हसून "हो हो" म्हटलं, वही मिटली आणि सगळ्यांचे कप गोळा केले. कप गोळा करायला कोणी सांगितलं नव्हतं. मग का केले? तेच मघापासून डोक्यात फिरतंय.

त्याआधीचे दोन तास शिक्षकांच्या गुरुवारच्या सभेत मी होतेच की. शाळा आमची वॉल्डॉर्फ पद्धतीची, आणि मी तिथल्या ऑफिसातली. श्लोक झाला, जत्रेचं झालं, मग लोकरीचं. लोकर नैसर्गिक रंगातलीच हवी यावर पाऊण तास. पहिलीची मुलं विणायला शिकणार, त्यांच्या बोटांना खरी लोकर लागली पाहिजे, सगळं मान्य. मी फक्त किलोचा भाव वाचून दाखवला, तर सगळ्यांनी असं पाहिलं जसा काही तो मीच वाढवलाय. इतिवृत्त मीच लिहिलं. थकबाकीचा आकडा मीच सांगितला, तेव्हा सगळे खाली बघत होते. तोवर मी चालत होते. मुलाचं नाव निघालं आणि मी बाहेर.

पद्धत मला माहीत आहे. चाइल्ड स्टडी ही शिक्षकांची गोष्ट. एका मुलाबद्दल बोलायचं: तो चालतो कसा, पेन्सिल धरतो कशी, चित्रात रंग कुठे थांबवतो. शेरा मारायचा नाही, निदान करायचं नाही. रात्री ते मूल मनात घेऊन झोपायचं आणि पुढच्या गुरुवारी काय सुचतंय ते पाहायचं. पद्धत आवडते मला, खोटं कशाला बोलू. आमच्या वर्गात साठ जणी होतो. माझ्याकडे असं कोणी एकदा जरी बघितलं असतं तर... जाऊ दे.

पण आज नाव त्याचं होतं. आणि तो तर रोज सकाळी माझ्याकडे असतो!

बाबांची शिफ्ट लवकरची, म्हणून ते त्याला वर्ग उघडायच्या कितीतरी आधी सोडून जातात. गेटवरचे काका त्याला थेट ऑफिसात पाठवतात. तो बाकावर बसतो आणि पेटी कॅशचा डबा मागतो. दहाची नाणी वेगळी, पाचची वेगळी, जुनं मोठं रुपयाचं नाणं सापडलं तर ते सगळ्यांत वर. त्याचे मनोरे मला डोळे मिटून ओळखता येतील. कॉम्प्युटरवर हस्तकलेच्या ताईने विणलेलं कापड असतं, मुलांना स्क्रीन दिसू नये म्हणून. तो असेपर्यंत मी ते काढत नाही, त्यामुळे सकाळच्या पावत्या हातानेच. नाणी रचता रचता त्याची मान कलते. मागे एकदा माझ्या स्पायरलच्या वहीवर गाल टेकून झोपला होता. उठला तेव्हा गालावर ओळीने वळ. मी पदराने पुसले, जणू पुसून जाणार होते.

ऑफिस आणि ती खोली यांच्यामध्ये नुसतं प्लायचं पार्टिशन आहे. मी पर्स आवरत होते. (पर्स आवरायला वेळ लागतो.) तर ऐकू आलं, "तो अजून पुरता जागाच झालेला नाही." मग नवव्या वर्षाचा उंबरठा निघाला, ते रुबिकॉनचं, त्या वयात मूल "मी वेगळा" म्हणून जागं होतं म्हणतात ना, ते. मग फ्लेग्मॅटिक. ही पद्धत ज्याने काढली त्या स्टायनरने मुलांचे चार स्वभाव मांडलेत, त्यातला हा संथ. माझी आजी कफ प्रकृती म्हणून मोकळी झाली असती आणि वर सुंठ-मध चाटवला असता.

अहो, तो जागा झालेला नाही कारण तो पहाटे पाचला उठतो!

हे मला माहीत आहे. का उठतो, आई सध्या कुठे आहे, तेही. फी सवलतीचा अर्ज माझ्याच ड्रॉवरमध्ये आहे. त्यातलं काय कोणाला सांगायचं नाही, एवढं मलाही कळतं. पण "पाचला उठतो" हे काही गुपित नाही. तेवढं सांगायला दार उघडून आत जाता आलं असतं. नाही गेले. त्या आवाजाने पाय धरून ठेवले.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. म्हणाले, "मग लवकर सुटलीस की." झालं.

नव्या पालकांच्या बैठकीत दर वर्षी जी गोष्ट सांगतात ती मला पाठ झाली आहे. जर्मनीतलं स्टुटगार्ट, पहिलं महायुद्ध नुकतं संपलेलं. वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया सिगारेटचा कारखाना. एमिल मोल्टला आपल्या कामगारांच्या मुलांसाठी शाळा हवी होती. त्याने रुडॉल्फ स्टायनरला गळ घातली. 7 सप्टेंबर 1919 ला शाळेचं उद्घाटन. 256 मुलं, 12 शिक्षक, आणि वर मुख्याध्यापक नाही. शाळा शिक्षकांनीच मिळून चालवायची. हे सांगताना ताईंचे डोळे असे चमकतात की मलाही भरून येतं. मी मागे खुर्च्या मांडत असते. आणि दर वर्षी मनात येतं, 256 नावं पटावर कोणी चढवली? हिवाळ्यातल्या कोळशाचं बिल कोणी दिलं? कामगारांच्या मुलांची फी कारखान्याने भरली, बरोबर; पण कारखान्यात कागद घेऊन कोणीतरी उभं राहिलंच असेल ना? बाईच असणार. आमच्या गोष्टीत ती येत नाही.

सगळे गोल बसतात. गोलाला डोकं नसतं, म्हणतात. दार मात्र असतं, ते आज पाहिलं.

सकाळी वर्गाच्या दारात ताई प्रत्येक मुलाचा हात हातात घेते, डोळ्यांत बघते, नावाने सुप्रभात म्हणते. पहिली ते आठवी तीच ताई, तोच हात. माझ्या दारात मुलं येतात ती गुडघा फुटल्यावर, डबा विसरल्यावर, उलटी झाल्यावर. तेव्हा कोण हात मिळवतंय. मावशींचंही तसंच. त्या कधी काही बोलत नाहीत. म्हणजे त्यांना वाटत नसेल असं नाही, पण त्यांनी निदान कप उचलायचा पगार तरी... नको. झोपते आता.

शनिवार

काल डबा खायच्या सुटीत तिसरीच्या, म्हणजे त्याच्याच वर्गाच्या ताईला नळापाशी गाठलं. ती ब्रश धूत होती. शेतीचा ब्लॉक (काही आठवडे सलग एकच विषय) चालू आहे, त्यामुळे नखांत माती आणि वरून निळा रंग. गुरुवारचं मी काहीच काढलं नाही. नुसतं म्हटलं, "तो पाचला उठतो, माहीत आहे ना?"

"हो, बाबांनी सांगितलंय मला. म्हणून तर मेन लेसनच्या आधी त्याला मेथीच्या वाफ्याला पाणी घालायला पाठवते. तेवढा जागा होतो."

म्हणजे माझ्याकडे तेवढंही नव्हतं. रात्रभर मी जे पोटाशी धरून बसले होते ते तिला आधीच ठाऊक, आणि तिने त्यावर उपायही काढलेला. मी पार्टिशनपलीकडून दोन वाक्यं ऐकली आणि अख्खी सभा मनातल्या मनात घडवून मोकळी झाले. मला हसू यायला हवं होतं. आलं, पण जरा उशिरा.

मग ती म्हणाली, "तुमच्याकडे नाणी रचतो ना तो? घरी तेच सांगतो म्हणे रोज. माझं नावसुद्धा काढत नाही." आणि ब्रश जोरात झटकले. थोडं पाणी माझ्या साडीवर उडालं. सॉरी म्हणाली, साडीबद्दल.

यावर काय बोलायचं असतं? मी म्हटलं, "मुलं अशीच असतात." हे आमच्याकडे कोणी म्हणत नाही, इथे प्रत्येक मूल वेगळं असतं. तिने ऐकून घेतलं.

तो मऊ आवाज अजून खुपतोच. तिचा नव्हता तो, कोणाचा ते इथे लिहीत नाही. त्यात वाईट काही नव्हतं, हेच तर. वाईट असतं तर भांडले असते. खरं सांगायचं तर मलाही सगळ्यांचं बरंच काही माहीत असतं, जे त्या गोलात कधी यायचं नाही. पगाराचा तक्ता मी करते. कोणी दिवाळीआधी उचल घेतली, कोणाचा हप्ता थकला, स्वखुशीने पगार कमी घेते म्हणून जिचं कौतुक होतं तिने ते खरंच खुशीने घेतलं का. मीही त्यांना बाहेरच ठेवते की. माझ्या ड्रॉवरलाही कुलूप आहे, आणि त्याची किल्ली मी कोणाला देत नाही. गोड बोलूनच देत नाही.

आज अर्धा दिवस होता म्हणून बाकीचं उरकायला बसले. अपार आयडीच्या, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याच्या सरकारी ओळख क्रमांकाच्या, संमतिपत्रांतली काही अजून आलेली नाहीत. पालक विचारतात, "स्क्रीन नको म्हणता आणि मुलाची माहिती ऑनलाइन कशी भरता?" बरोबर विचारतात. उत्तर मी द्यायचं, अर्थात. मग यू-डायसचं, शाळांची माहिती भरायचं ते सरकारी पोर्टल उघडलं. मुख्याध्यापकाचं नाव, शैक्षणिक अर्हता, व्यावसायिक अर्हता, मोबाइल. दर वर्षी इथे अडतं. आपल्याकडे तसं पद नाही, हे तत्त्व पोर्टलला समजावून सांगायची सोय नाही. रकाना रिकामा सोडला की ते पुढेच जात नाही.

तिसरीची ताई झेरॉक्सला आली होती, तिला म्हटलं, "या वर्षी तुमचं नाव टाकू?"

"छे छे. असं एकटीने कसं ठरवणार? आपण गुरुवारी गोलात बोलू."

"गुरुवारपर्यंत हे थांबत नाही, थोड्या वेळाने आपोआप लॉगआउट होतं."

ती घाबरून स्क्रीनकडे बघायला लागली. विणलेलं कापड तिच्याच हातात होतं, झाकावं की नाही अशी उभी. शेवटी म्हणाली, "मग मागच्या वर्षीचंच राहू दे ना. कोणाचं होतं?"

मागच्या वर्षी होतं ती ताई आता शाळेत नाही. का नाही, ते दोघींनाही माहीत आहे, त्यावर दोघीही काही बोललो नाही. मी तिचं नाव खोडून हिचं टाकलं. हिने "बघा हं" एवढंच म्हटलं, म्हणजे होकार. मोबाइलच्या रकान्यात मात्र नंबर माझाच आहे, पहिल्यापासून. ओटीपी आला, मी भरला, आणि शाळेला या वर्षापुरता मुख्याध्यापक मिळाला.

गुरुवारी हे इतिवृत्तात लिहावं लागेल. म्हणजे तेवढा वेळ तरी थांबावं लागेल मला. लोकरीचं बिलही तेव्हाच काढते.